काँगच्या केसांवरची बोटं

‘किंग काँग’ (१९३३) पाहताना एक गोष्ट लक्षात येते. काँग नुसता उभा असला तरी त्याच्या अंगावरचे केस स्वस्थ नसतात. खांद्यावर, छातीवर काहीतरी सारखं सळसळत असतं. कारण अगदी साधं आहे. हा महाकाय वानर म्हणजे जेमतेम दीड फुटाची बाहुली. आत सांध्यासांध्यांत वाकणारा धातूचा सांगाडा, त्यावर रबर-कापसाचं मांस आणि सगळ्यात वर सशाची फर. एक फ्रेम टिपायची, बाहुलीचा हात किंचित सरकवायचा, पुढची फ्रेम टिपायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे २४ वेळा. दर वेळी बोटं लागली की फर थोडी दबायची आणि त्या दबलेल्या जागा पडद्यावर थरथरायच्या. बाहुल्या घडवणाऱ्या मार्सेल डेल्गाडोला हे खुपत होतं. स्टुडिओतल्या एका साहेबाने मात्र, असं सांगतात, उलट दादच दिली: काँग चिडला की केस कसे फुलवतो बघा!

मला विचाराल तर या जुन्या राक्षसपटांची मोहिनी त्या दबलेल्या केसांतच आहे. पण ते केस दबले कुणाच्या बोटांनी, ही गोष्ट काँगच्या बरीच आधी सुरू होते.

विलिस ओब्रायन हा ओकलंडचा, जन्म १८८६चा. गुरं राखणं, व्यंगचित्रं काढणं, संगमरवरावर काम करणं असे नाना उद्योग करून झाल्यावर मातीच्या बाहुल्या हलवून त्यांचं चित्रण करण्याचा नाद त्याला लागला. १९१५ साली त्याने डायनोसॉर आणि आदिमानवांची पाचेक मिनिटांची गंमत केली आणि ती पुढे एडिसनच्या कंपनीने विकत घेतली. त्याच सुमारास इकडे दादासाहेब फाळके ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवत होते. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेक फ्रेम टिपून दाखवली होतीच. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. कॅमेरा थांबवून चालू करता येतो हे कळलं की जिज्ञासू माणूस कुठेही असला तरी हाच खोडसाळपणा करणार.

ओब्रायनचं मोठं काम म्हणजे ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९२५). मूळ कादंबरी आर्थर कॉनन डॉयलची. १९२२च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन जादूगारांच्या मेजवानीत डॉयलने या चित्रपटाची काही चाचणीदृश्यं कुठलाही खुलासा न करता दाखवली. समोर बसलेल्यांत नामवंत जादूगार हुदिनीसुद्धा होता. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. लोकांना फसवण्यात ज्यांची हयात गेली तेच चकित झाले होते. डॉयलला मग हुदिनीला पत्र लिहून उलगडा करावा लागला. या डायनोसॉरांच्या पोटात डेल्गाडोने हवेच्या पिशव्या बसवल्या होत्या. थोडी हवा भरायची, थोडी सोडायची, की प्राणी धापा टाकतोय असं वाटे.

काँगचा जन्म तसा एका बुडालेल्या चित्रपटातून झाला. आरकेओ स्टुडिओत ओब्रायन ‘क्रिएशन’ नावाचा डायनोसॉरपट करत होता. खर्च हाताबाहेर चालला म्हणून पुढे ‘किंग काँग’ करणारा मेरियन कूपर तपासणीला आला, त्याने तो बंद केला आणि माणसं व बाहुल्या आपल्या वानरासाठी उचलल्या. काँग बेटावर साधारण १८ फुटी वाटतो, न्यूयॉर्कला आल्यावर २४ फुटी. हिशोब चुकलेला नव्हता. शहरात तो खुजा दिसेल म्हणून कूपरने त्याला मुद्दाम वाढवलं. त्याची डरकाळी म्हणजे वाघ-सिंहांचे आवाज, संथ केलेले आणि उलटे वाजवलेले. पण शेवटी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावर तो छातीवरच्या जखमेला हात लावतो आणि बोटांकडे बघतो. तिथे तंत्रबिंत्र विसरायला होतं. बाहुलीने बोटांकडे बघावं हे कुणाला तरी सुचलं, आणि मग त्याने ते फ्रेमगणिक करून दाखवलं.

लॉस एंजेलिसमधल्या रे हॅरीहाउसेन नावाच्या शाळकरी मुलाने तो चित्रपट पाहिला आणि त्याचं आयुष्यच बदललं. घरच्या गॅरेजमध्ये प्रयोग सुरू झाले. आईच्या जुन्या फरकोटाचं अस्वल झालं. वडील यंत्रकाम जाणणारे, ते सांगाडे घडवून देत, आणि पोरगा नावारूपाला आल्यावरही देत राहिले. पुढे ‘माइटी जो यंग’ (१९४९) या वानरपटात त्याला खुद्द ओब्रायनच्या हाताखाली काम मिळालं. त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

१९५२ साली ‘किंग काँग’ पुन्हा थिएटरांत आला आणि तुफान चालला. निर्मात्यांचे डोळे चमकले. पुढच्याच वर्षी हॅरीहाउसेनचा ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’ आला. आर्क्टिकमधल्या अणुस्फोटाने जागा झालेला प्रागैतिहासिक प्राणी त्यात न्यूयॉर्कवर चालून येतो. १९५४ साली जपानमध्ये गॉडझिला उभा राहिला त्याला या दोन्ही चित्रपटांचा धक्का होता. त्याचे तंत्रप्रमुख एइजी त्सुबुराया काँगचे भक्त. त्यांना स्टॉप मोशनच, म्हणजे बाहुली फ्रेमगणिक हलवण्याचं तंत्रच, हवं होतं, पण तसं केलं तर सात वर्षं लागतील असा हिशोब निघाला. शेवटी रबरी पोशाखात माणूस घालून शहर तुडवलं गेलं.

हॅरीहाउसेनला मोठं बजेट क्वचितच मिळालं. ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’ (१९५५)मधल्या ऑक्टोपसला सहाच भुजा आहेत, कारण आठ हलवायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागला असता. ‘२० मिलियन माइल्स टू अर्थ’ (१९५७)मधला शुक्रावरचा प्राणी रोममध्ये धुमाकूळ घालतो. रोमच का? हॅरीहाउसेनला रोम बघायचं होतं. हे त्याने स्वतःच सांगून टाकलं आहे.

त्याची खरी युक्ती बाहुलीला जिवंत माणसांच्या मधोमध उभं करण्याची होती. आधी नटांना घेऊन चित्रीकरण करायचं. ते बाहुलीच्या मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फ्रेम पाडायचं. पुढे काच ठेवून तिचा खालचा भाग काळा रंगवायचा आणि बाहुली हलवत चित्रीकरण करायचं. मग फिल्म मागे घेऊन फक्त तो खालचा भाग पुन्हा टिपायचा. आता प्राणी मागच्या डोंगराच्या पुढे आणि समोरच्या खडकांच्या मागे, म्हणजे बरोबर दृश्याच्या आत. ‘डायनामेशन’ हे भारदस्त नाव या खटाटोपाला १९५८च्या सिंदबादपटापासून मिळालं. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३)मध्ये हाडांचे सात सापळे तीन माणसांशी तलवारीने लढतात. त्या काही मिनिटांसाठी साडेचार महिने लागले. दिवसाकाठी सरासरी १३ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. आणि ते सगळं हलवणारा माणूस एकच. त्याचे सगळेच चित्रपट चांगले आहेत असं म्हणवत नाही. माणसं बोलायला लागली की पुष्कळदा घड्याळाकडे लक्ष जातं.

या प्राण्यांची चाल किंचित तुटक दिसते, त्यालाही कारण आहे. खरा घोडा धावला की प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे पाय पुसटसे होतात. बाहुली मात्र फ्रेम टिपताना स्थिर असते, म्हणून प्रत्येक चित्र लख्ख येतं आणि डोळ्याला ते खटकतं. १९८०च्या सुमारास बाहुल्या हलवण्याचंच काम करणाऱ्या फिल टिपेटने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रेम टिपत असतानाच बाहुली मोटरने हलवून ही पुसट हालचाल साधली. ‘जुरासिक पार्क’ (१९९३)ही आधी त्याच पद्धतीने व्हायचा होता. पण कॉम्प्युटरवरच्या डायनोसॉरची चाचणी बघून टिपेट म्हणाला की मीच आता नामशेष झालो. स्पीलबर्गला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते चित्रपटातच घातलं.

टिपेट मात्र कामावर राहिला. पडद्यावरचा प्राणी कसा चालतो आणि कुठे थबकतो, हे त्याच्या माणसांनाच ठाऊक होतं. त्यांच्यासाठी सांध्यांत सेन्सर बसवलेला धातूचा डायनोसॉर तयार झाला. तो हाताने वाकवायचा आणि कॉम्प्युटरमधला प्राणी तसाच वाकायचा. सांगाडा पुन्हा धातूचा, बोटं पुन्हा माणसाची. विस्कटायला केस तेवढे नव्हते.