जनकगंजातला जिना आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ड्रम

परवा संध्याकाळी आमच्या जनकगंजातल्या जुन्या घराच्या जिन्यात माझा भाचा टाळ्या वाजवत उभा होता. एक टाळी वाजवायची, थांबायचं, दोन पायऱ्या वर चढायचं, परत एक टाळी. मला आधी वाटलं कबुतरं हाकलतोय. तर म्हणाला, "मावशी, तू खाली उभी राहून वाजव ना, मी वरून रेकॉर्ड करतो." वय १९, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सेमिस्टरच्या सुट्टीत ग्वाल्हेरला आलेला. आणि हे सगळं कशासाठी, तर लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७१ साली निघालेल्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं त्याच्या डोक्यात बसलंय आणि त्यातले ड्रम असे का वाजतात ते त्याला बघायचं होतं.

ते ड्रम खरोखरच एका जिन्यापाशी वाजवलेले आहेत. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला हेडली ग्रेंज नावाचं एक जुनं मोठं घर आहे, तिथे ड्रमर जॉन बॉनमला खालच्या हॉलमध्ये बसवलं आणि माइक वर जिन्यात टांगले. एवढंच केलं, पण त्यानं काय होतं बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला १८ मिलीसेकंद लागतात, आणि साधारण ५० मिलीसेकंदांच्या आत परत आलेला आवाज आपला कान वेगळा प्रतिध्वनी म्हणून धरतच नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. आपल्याला फक्त एवढंच कळतं की आवाज जाड झाला, मोठा झाला, आणि एखाद्या जागेतून आला. आमचा जिना दगडी, भिंती चुन्याच्या, त्यामुळे टाळीला जो भरीवपणा आला तो आतल्या गाद्या-पडद्यांच्या खोलीत येत नाही. भाच्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला, आधी आमची टाळी, मग ते ड्रम. सारखे नव्हते, पण नातं कळत होतं.

हे मी एवढं सविस्तर सांगतेय कारण तरुण मुलं जुनं रॉक ऐकतात म्हटलं की लगेच लोक म्हणतात, फॅशन आहे, टी-शर्टवर बँडचं नाव पाहिजे म्हणून. काहींचं असेलही तसं. पण जो मुलगा थंडीत अर्धा तास जिन्यात टाळ्या वाजवतो त्याचं टी-शर्टनं काही होत नाही. मग काय आहे हे? त्याच्या जन्माच्या ३५ वर्षं आधीचं संगीत त्याला आपलं का वाटावं?

यावर अभ्यास झालेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. १९८९ साली हॉलब्रुक आणि शिंडलर या दोघांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली, तर निघालं असं की माणसाला सगळ्यात जास्त आवडतात ती साधारण त्याच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजत असलेली गाणी. विशीच्या आसपासच्या आठवणी पुढे म्हातारपणीसुद्धा ठळक राहतात हे मानसशास्त्रात आधीपासून माहीत होतं, गाण्यांचंही तसंच. इथपर्यंत काही नवल नाही, आपल्या घरातले मोठे लोक कुठल्या काळातली गाणी लावतात ते आठवलं की झालं.

नवल पुढे आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९ या काळातली हिट गाणी ऐकवली, प्रत्येक वर्षाची वरची दोन. आपल्या काळातली गाणी मुलांना जवळची वाटली हे ठीकच, पण मध्येच १९८० च्या पुढच्या चार-पाच वर्षांना आलेख परत वर चढला, म्हणजे बरोब्बर त्यांचे आईबाप विशीत होते तो काळ. आणि त्याच्याही मागे १९६० च्या दशकाला आणखी एक लहानसा उंचवटा. आईबापांनी आपल्या तरुणपणीची गाणी घरात, गाडीत, स्वयंपाक करताना लावली आणि मुलांच्या कानात ती नकळत घर करून बसली. १९६० चा उंचवटा आजीआजोबांमुळे की ती गाणीच चांगली होती म्हणून, हे त्यांनी उघडं ठेवलंय, आणि मला ते प्रामाणिक वाटलं. ग्वाल्हेरच्या माणसाला हे समजवायची गरजच नाही म्हणा, घराणं म्हणजे दुसरं काय असतं.

पण आमच्या घराला हा हिशोब लागू कुठे होतो? भाच्याचा बाप नाट्यगीतं आणि आर. डी. बर्मनवर वाढलेला, माझी बहीण भावगीतं ऐकते, आणि आई, म्हणजे त्याची आजी, माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेली, १९१८ साली भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं सुरू केलेलं ते विद्यालय. या घरात इलेक्ट्रिक गिटार कुणी कधी वाजवली नाही. म्हणजे ज्या पायऱ्यांवरून हे संगीत अमेरिकेतल्या मुलांपर्यंत उतरलं त्या पायऱ्या आमच्याकडे नव्हत्याच. तरी ते आलं, आणि कसं आलं हा मला जास्त मोलाचा प्रश्न वाटतो, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं अशीच आहेत.

एक दरवाजा सरळ आहे, गिटारचा क्लास. कुठल्याही शहरात गिटार शिकायला जा, पहिल्या महिन्यात डीप पर्पल या रॉक बँडची १९७२ सालची ती चार सुरांची धून हातात येते. आता ती मुलगा घरी दोनशे वेळा वाजवणार. एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी आवडायला लागते हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलंय. शिवाय माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना आवडीचं गाणं ऐकवत मेंदूचे स्कॅन काढले, तर आवडती जागा आली की डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, सुटतं हे दिसलंच, पण ती जागा यायच्या आधी, नुसती वाट बघतानाही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते सुटतं हेही दिसलं. वाट बघायची तर पुढे काय येणार ते अंदाजानं का होईना माहीत पाहिजे, म्हणून पहिल्यांदा ऐकलेलं परकं संगीत सपाट वाटतं आणि दहाव्यांदा ऐकलं की तेच अंगावर येतं. बोटांनी वाजवून शिकलेल्याला तर ते पाठच असतं.

दुसरा दरवाजा मोबाइल. यूट्यूबवर १९७३ आणि २०२३ शेजारी-शेजारी बसतात, कॅसेटवर धूळ साठायची तशी फाइलवर साठत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात एका वेबसिरीजमुळे केट बुशचं १९८५ चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, ३७ वर्षांनी. न्यू यॉर्क विद्यापीठात झालेल्या आणि २०१९ साली छापून आलेल्या अभ्यासात सहाशेच्या वर लोकांना, त्यात बहुतेक तरुण, १९४० ते २०१५ मधली नंबर एकची गाणी थोडी-थोडी ऐकवून ओळखीची वाटतात का विचारलं. अपेक्षा अशी की जितकं जुनं तितकं कमी ओळखीचं. पण १९६० ते १९९० च्या दशकांतली गाणी साधारण एका पातळीवर ओळखली गेली, आणि २००० नंतरच्या गाण्यांची ओळख झपाट्यानं घसरत होती. त्या मुलांना स्वतःच्या काळातलं जितकं पटकन विसरायला झालं तितकं आईबापांच्या काळातलं झालं नाही.

आता इथे उडी मारून "जुनं ते सोनं" म्हणू नका, कारण एक चाळणी मध्ये आहे. १९६९ साल घ्या. त्या वर्षी लेड झेपलिनचे पहिले दोन अल्बम आले, बीटल्सचा 'ॲबी रोड' आला, आणि अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या यादीत वर्षभरातलं सगळ्यात मोठं गाणं कुठलं ठरलं, तर आर्चीज नावाच्या कार्टूनमधल्या बँडचं, साखरेसारखं गोड. झेपलिनला तिथे नंबर एकचं एकही सिंगल कधी मिळालं नाही. म्हणजे १९६९ मध्ये रेडिओ लावला असता तर कानावर भलतंच बरंच काही पडलं असतं, आज आपल्यापर्यंत आलंय ते चाळून चाळून उरलेलं. भाचा जेव्हा म्हणतो की सत्तरच्या दशकात सगळेच भारी होते, तेव्हा मी त्याला हेच सांगते, तू त्या दशकातली निवडक शंभर गाणी आणि आजचं सगळंच्या सगळं, यांची तुलना करतोयस बाबा.

तरी आवाजात फरक आहे आणि तो मोजलेला आहे. स्पेनमधल्या जोआन सेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १९५५ ते २०१० मधल्या साडेचार लाखांहून जास्त रेकॉर्डिंगचं विश्लेषण केलं, तर वर्षागणिक ध्वनीच्या पोतातली विविधता कमी होत गेलीय आणि आवाजाची पातळी चढत गेलीय असं दिसलं. याचा अर्थ नवं संगीत वाईट असा होत नाही, मी तसं मानतही नाही. पण सीडीच्या जमान्यात शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं जोरात वाजावं म्हणून हळू जागा वर उचलून सगळं एका पातळीवर दाबून बसवायची चढाओढ लागली होती, त्यात गाण्याचा श्वास गेला. आता स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी जवळपास एकाच पातळीला आणून वाजवतात, त्यामुळे जोरात असण्याचा फायदा संपला, आणि ज्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि जोरात यांच्यात अंतर आहे ती इअरफोनवर एकदम उघडतात. मुलं म्हणतात "जागा ऐकू येते", ते हेच असणार.

तिसरा दरवाजा मात्र माझा स्वतःचा अंदाज आहे, कुणी मोजलेला नाही. या घरात गिटार नव्हती पण तानपुरा होता, मिरजेचा. भाचा लहानपणी दुपारी त्याच खोलीत झोपायचा जिथे आई रियाज करायची, म्हणजे त्याच्या कानात षड्ज-पंचम अक्षरं गिरवायच्या आधीपासून आहे. आणि हार्ड रॉकचा कणा काय आहे, तर पॉवर कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले स्वर, आणि यात दोनच, सा आणि प. गंधार नाहीच. याला चांगलं भौतिकशास्त्रातलं कारण आहे. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम इतका वाढवतात की लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लाटेत नवे स्वर जन्मतात, मूळ स्वरांच्या पटीतले आणि दोन स्वरांच्या कंपनसंख्यांमधल्या फरकाइतकेही. सा ११० हर्ट्झ आणि प १६५ हर्ट्झ धरला तर फरक ५५, म्हणजे पुन्हा सा-च, एक सप्तक खाली. दोन तारा छेडल्या आणि खर्ज फुकटात मिळाला. म्हणून ते एवढं भरदार वाजतं. तानपुऱ्यात यंत्र वेगळं आहे, तिथे घोडीवरचा धागा आणि जवारी वरचे उपस्वर जागे करतात, पण दोन्हीकडे काम तेच, थोड्या तारांतून स्वरांचं दाट जंगल उभं करायचं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर, गजक खात बसलो असताना, भाच्यानं आजीला झेपलिनचं १९७५ चं 'काश्मीर' ऐकवलं. या बँडचे गिटारवादक पेज आणि गायक प्लँट १९७२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते, काश्मीरला मात्र गाणं लिहिताना त्यांच्यातलं कुणी गेलेलं नव्हतं. जिमी पेजनं त्यात गिटारच्या सहा तारा वेगळ्या लावल्यात, आपल्या भाषेत सांगायचं तर सा प सा म प सा. आईनं डोळे मिटले, मांडीवर बोटं मोजायला लागली. दोन मिनिटांनी म्हणाली, "अरे, तो ढोलवाला चारात चाललाय आणि हे बाकीचे तिनात. बाराला भेटतात बघ." बरोबर होतं. भाच्याला हे माहीत नव्हतं, तो तीन वर्षं हे गाणं ऐकतोय. त्यानं परत लावलं आणि दोघं मिळून बाराव्या मात्रेपर्यंत मोजत बसले, सम आली की आजी हात उपडा टाकायची.

मग त्यानं गिटार काढली, लाटेचे शेंडे छाटणारं पेडल लावलं आणि ई मेजरचा साधा कॉर्ड वाजवला, म्हणजे सा आणि प बरोबर गंधारही. आवाज गढूळ आला. पेडल बंद करून वाजवला तर बरा, पण आईनं मान हलवली, "पंचम ठीक आहे रे, गंधार चढा लागतोय." तिला गिटारचा गंधारबिंधार काही माहीत नाही, पण गिटारच्या दांडीवरच्या पडद्यांवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यात पंचम जवळजवळ शुद्ध बसतो आणि गंधार शुद्धापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा राहतो. साध्या वाजवण्यात तो खपून जातो, लाट छाटली की त्यातून निघणारे फरकाचे स्वर कुठेच नीट बसत नाहीत आणि कॉर्ड गुरगुरतो.

भाच्यानं तिसऱ्या, म्हणजे गंधाराच्या तारेची खुंटी किंचित सैल केली. "अजून," आई म्हणाली. अजून जरा. "बस." त्यानं पेडल चालू केलं आणि तोच कॉर्ड वाजवला, आणि मघाचा गढूळपणा निवळून तो खोलीत उभा राहिला. "बाकीचे कॉर्ड बिघडतील आजी असं केलं तर," तो म्हणाला, पण खुंटी त्यानं परत वर नेली नाही, तोच एक कॉर्ड सारखा वाजवत राहिला, आणि आईनं हळूच त्याच्या षड्जाला आपला षड्ज लावला.