फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी: हात दोघंही धरतात, मग फरक काय?

मेंदूला मार लागलेला पेशंट आयसीयूतून बाहेर आला की डॉक्टर दोन गोष्टी लिहून देतात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी. दोन्हीकडे कुणीतरी पेशंटचा हात धरून हलवतं, त्याला बसवतं, उठवतं. घरच्यांना वाटतं, एकाच कामाला दोघं कशाला? मग धावपळ वाढली की ओटीवरच काट मारली जाते.

घोळात नावाचाही वाटा आहे. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हटलं की नोकरीधंद्याचं प्रशिक्षण डोळ्यांपुढे येतं. निवृत्त माणसाला ते कशाला, असा प्रश्न मग येतोच. पण इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्यात जातो ते सगळं: दात घासणं, अंघोळ, पैसे मोजणं, फोन लावणं. १९१७ साली अमेरिकेत या शाखेची पहिली संस्था स्थापन करणाऱ्यांत जॉर्ज बार्टन नावाचे वास्तुविशारद होते. त्यांची स्वतःची डावी बाजू लुळी पडली होती आणि सुतारकाम, बागकाम करत ते सावरले होते.

फिजिओचं लक्ष हालचालीवर असतं. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याची कूस बदलणं, छातीतला कफ मोकळा करणं, सांधे आखडू न देणं ही कामं सुरू होतात. पुढे बसताना तोल, उभं राहताना दोन्ही पायांवर भार, मग पावलं. पाऊल पुढून लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट.

ओटीचं काम शर्टाच्या उदाहरणावरून चटकन कळतं. समजा, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा आहे. पेशंटचा डावा हात बऱ्यापैकी हलतो, ताकदही आहे. तो उजवा हात बाहीत घालतो, बटणं लावायला घेतो आणि डावी बाही तशीच लोंबत राहते. त्याच्या मते शर्ट घालून झाला! नजर शाबूत आहे, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. अशी माणसं ताटातलं डाव्या बाजूचं अन्नही तसंच ठेवतात आणि घरचे म्हणतात, भूक मेली. नुसता खांद्याचा व्यायाम वाढवून हे सुटत नाही. ओटी डावीकडे नजर वळवायची सवय लावते, डावा हात बाहीत आधी घालायला आणि काढताना शेवटी काढायला शिकवते. कधी शिकवणी उलटीही चालते: सगळा शर्ट थेरपिस्ट घालतो, फक्त शेवटचं बटण पेशंटचं. ते जमलं की शेवटची दोन. काम प्रत्येक वेळी पेशंटच्या हातून पुरं होतं, म्हणून तो वैतागत नाही.

सीमारेषा अगदी काटेकोर नाही, हेही खरं. चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताला कामाला लावायची पद्धत दोघंही वापरतात. कमजोर हात ओढून पेशंटला उठवू नका, खांदा सांध्यातून सरकतो, हे दोघंही घरच्यांना बजावतात.

तरीही डोक्याच्या मारात ओटी बंद करणं मला जास्त धोक्याचं वाटतं. पाय चालू लागला की सगळ्यांना दिसतं, पेशंट ‘बरा’ ठरतो. पण अंघोळीला जाऊन साबण न लावताच बाहेर येणं, गॅस पेटवून विसरणं, एकाच कामाची सुरुवात तीनदा करणं हे आळस किंवा हट्ट म्हणून खपून जातं.

गाडी पुन्हा चालवायची वेळ आली की दोघांचे प्रश्न वेगळे होतात. ब्रेक दाबण्याइतका जोर पायात आलाय का, हे फिजिओ तपासेल. डावीकडून आडवी आलेली सायकल पेशंटला वेळेत दिसते का आणि दिसल्यावर पाय ब्रेककडेच जातो का, हे ओटी बघेल.