फर्स्ट क्लास दिसला की माणसं चिडतात? "चौपट"च्या आकड्याची उलटतपासणी

विमानात कुणी आरडाओरडा केल्याचा, केबिन क्रूच्या अंगावर धावून गेल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला की दोन-चार दिवसांत त्याच्या पाठोपाठ एक बातमी हमखास फिरायला लागते, "ज्या विमानात फर्स्ट क्लास असतो तिथे इकॉनॉमीतले लोक चौपट भांडतात, संशोधनातून सिद्ध!" त्याखाली एक गट म्हणतो की पुढच्यांचा थाट बघून डोकं फिरणारच, आणि दुसरा गट म्हणतो तिकिटं स्वस्त झाली आणि कुणीही विमानात चढायला लागलं त्याचे हे परिणाम. दोघांचा आधार तोच एक आकडा, आणि तो आला कुठून हे दोघांपैकी कुणीच बघत नाही. म्हणून आज त्या आकड्याबद्दलच लिहितोय, जरा गणित येईल पण शाळेतलंच आहे.

आधी एक सांगतो, आकडा बनावट नाही. २०१६ साली टोरोंटो विद्यापीठाच्या कॅथरीन डिसेल्स आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल नॉर्टन या दोघांनी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय एअरलाइनच्या कित्येक वर्षांच्या नोंदी घेऊन हा अभ्यास केला आणि तो अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं असं, की विमानात फर्स्ट क्लास असेल तर इकॉनॉमीत राडा होण्याचे ऑड्स, म्हणजे राडा होण्याच्या आणि न होण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर, ३.८४ पट होतात, आणि हा परिणाम फ्लाइट सुमारे साडेनऊ तास लेट होण्याइतका आहे. पुढे असंही, की इकॉनॉमीवाल्यांना पुढच्या दाराने चढवलं, म्हणजे त्या ऐसपैस खुर्च्यांमधून बॅगा सावरत चालत जायला लावलं, तर मधल्या दाराने चढवण्याच्या तुलनेत इकॉनॉमीत ऑड्स २.१८ पट आणि खुद्द फर्स्ट क्लासमध्ये ११.८६ पट. या शेवटच्या आकड्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण तो म्हणतोय की मागचे लोक समोरून जाताना दिसले की पुढचे लोकही बिघडतात.

आता मूळ प्रमाण बघा. फर्स्ट क्लास असलेल्या विमानांत दर हजार फ्लाइटमागे इकॉनॉमीतल्या घटना १.५८, फर्स्ट क्लासमधल्या ०.३१, आणि फर्स्ट क्लास नसलेल्या विमानांत दर हजार फ्लाइटमागे ०.१४. म्हणजे सगळ्यात "वाईट" गटातसुद्धा हजारातल्या साधारण ९९८ फ्लाइटमध्ये काहीही होत नाही, लोक झोपतात, जेवतात, उतरतात. बातमीत हे कधीच येत नाही.

आणि इथेच पहिली गंमत आहे. १.५८ ला ०.१४ ने भागा, उत्तर येतं ११ च्या वर. मग पेपरमध्ये ३.८४ कसं? कारण कच्च्या तुलनेत फर्स्ट क्लास एकटा येत नाही, तो स्वतःबरोबर मोठं विमान घेऊन येतो. फर्स्ट क्लास कुठल्या विमानात असतो? लांब पल्ल्याच्या, आंतरराष्ट्रीय, रात्रभर उडणाऱ्या. कागदावर एक हिशोब करून बघू, आकडे मी मनाने धरतोय. एका छोट्या विमानात १०० माणसं दीड तास बसली, म्हणजे १५० प्रवासी-तास. मोठ्या विमानात ३०० माणसं ८ तास बसली, म्हणजे २४०० प्रवासी-तास. प्रत्येक माणूस दर तासाला डोकं फिरण्याची अगदी सारखी शक्यता घेऊन बसलाय आणि पुढे कोण बसलंय याची कुणाला पर्वाच नाही असं समजा. तरीही मोठ्या विमानात दर फ्लाइटमागे भांडणं १६ पट होतील! यात हेवा नाही, मत्सर नाही, नुसती माणसं आणि तास.

अर्थात संशोधकांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी सीटची संख्या, सीटमधली जागा, अंतर, उशीर असे घटक गणितात घातले आणि त्यांचा वाटा काढून टाकल्यावर ११ चे चारच्या आत आले. म्हणजे बातमीत "फर्स्ट क्लासचा परिणाम" म्हणून जे येतं ते खरं म्हणजे बाकीचं सगळं वजा केल्यावर उरलेलं आहे. आणि उरलेल्या गोष्टीचा प्रॉब्लेम असा की जे जे मोजायचं राहिलं किंवा अर्धवट मोजलं गेलं ते सगळं तिच्यातच जमा होतं, कुठल्या मार्गावर किती दारू दिली, कनेक्टिंग फ्लाइट चुकलेले किती, रात्र होती का, सगळं.

ते साडेनऊ तास कुठून आले हे कळलं तर आणखी मजा येईल. कुणी साडेनऊ तास लेट झालेली विमानं बाजूला काढून त्यांतली भांडणं मोजली असं नाहीये. या प्रकारच्या मॉडेलमध्ये, त्याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात, प्रत्येक घटक ऑड्सला गुणतो. उशिराच्या एका तासाने ऑड्स किती पटीने गुणले जातात हा एक आकडा, फर्स्ट क्लासने किती पटीने गुणले जातात हा दुसरा. उलटं गणित करा, ३.८४ चा नॅचरल लॉग १.३४५, त्याला साडेनऊ तासांनी भागलं की साधारण ०.१४, म्हणजे दर तासाला ऑड्स सुमारे १५ टक्क्यांनी वाढतात, तेही चक्रवाढ पद्धतीने. असं साडेनऊ तास चक्रवाढ चालवलं की ३.८४ ला पोचता. पण खऱ्या आयुष्यात दुसऱ्या तासाच्या उशिराने माणूस जितका वैतागतो तितकाच नवव्या तासाने वैतागतो का? नवव्या तासापर्यंत निम्मे लोक हॉटेलवर गेलेले असतात. मॉडेलला ते माहीत नाही, त्याला प्रत्येक तासाला तीच एक पट लावायला सांगितलीय, तो ती लावतो.

अजून एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा गणितात "बाकी सगळं सारखं ठेवून फक्त फर्स्ट क्लास काढला तर" असा प्रश्न असतो. पण त्यासाठी डेटामध्ये तशी जोडी हवी, तेवढंच मोठं, तेवढंच लांब जाणारं, एक फर्स्ट क्लासवालं आणि एक बिनफर्स्ट क्लासचं. अशा जोड्या कमी असतील तर मॉडेल मधली रिकामी जागा स्वतःच्या गृहीतकांनी भरतो आणि आपल्याला उत्तर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत मिळतं. अशा वेळी एखादा घटक आत-बाहेर केला की दुसऱ्याचा आकडा दुप्पट होऊ शकतो, कधी तर अधिकचा उणेसुद्धा होतो, कारण घटक एकमेकांत गुंतलेले असतात. पुढच्या दाराच्या निष्कर्षावर त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये मार्कस क्रेडे, अँड्र्यू गेलमन आणि कॅरल निकरसन यांनी पत्र लिहून प्रश्न उभे केले. गेलमन हे कोलंबिया विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ, अशा गुंत्यांवर त्यांनी आयुष्य घातलंय. पण पेपर जितका फिरला त्याच्या शंभरावा हिस्सासुद्धा ते पत्र फिरलं नसेल, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दारूचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच काढून टाकू. "विमानात एक पेग म्हणजे जमिनीवरचे दोन" हे शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. केबिनमधल्या हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तितका ठेवलेला असतो, आणि त्या उंचीमुळे रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण वाढत नाही. ऑक्सिजन जरा कमी असतो, हवा कोरडी असते, झोप झालेली नसते, त्यामुळे माणूस लवकर थकतो हे खरं. पण पेग तेवढाच असतो, आणि "हवेत चढली" हे कुणाच्याही वागण्याचं स्पष्टीकरण म्हणून मान्य करू नये.

मग तुलनेमुळे माणूस चिडतो हेच खोटं का? नाही, अजिबात नाही. त्याचा पुरावा विमानापेक्षा प्रयोगशाळेत चांगला मिळालाय. २००७ साली जर्मनीत बॉनला दोन-दोन पुरुषांना शेजारशेजारच्या एमआरआय स्कॅनरमध्ये झोपवलं, पडद्यावर ठिपके दाखवून अंदाज करायला लावला, बरोबर आला की पैसे. प्रत्येकाला आपली कमाई दिसायची आणि शेजारच्याचीही. मेंदूत खोलवर व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचा भाग आहे, बक्षीस मिळालं की तो जागा होतो. दिसलं असं, की तेवढेच पैसे मिळूनही शेजाऱ्याला दुप्पट मिळाले असतील तर तिथली हालचाल कमी. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलेला दुसरा प्रयोग, चौदाशेच्या वर लोकांना ऑनलाइन खेळात कमी-जास्त पैसे देऊन सोडलं. शेजाऱ्यांची संपत्ती दिसत नव्हती तेव्हा लोक जास्त सहकार्य करायचे, दिसायला लागली की सहकार्य कमी झालं आणि एकूण संपत्तीही कमी झाली. विषमता दोन्हीकडे होती, फरक फक्त ती दिसण्याचा.

कॅपुचिन माकडांचा प्रयोग बऱ्याच जणांनी पाहिला असेल, २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल यांनी केलेला, शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली की माकडीण काकडी नाकारते. पण नंतर इतरांनी विचारलं की ती शेजारणीवर चिडली, का द्राक्ष डोळ्यांसमोर होतं आणि ते मिळेल असं वाटलं म्हणून चिडली? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात माप म्हणजे शेजारी, दुसऱ्यात माप म्हणजे आपलीच अपेक्षा.

हा फरक आपल्याकडच्याच एका घटनेत लख्ख दिसतो. मार्च २०१७ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात महाराष्ट्रातल्या एका खासदारांकडे बिझनेस क्लासचं तिकीट होतं, पण विमान पूर्ण इकॉनॉमीचं होतं. दिल्लीत उतरल्यावर त्यांनी कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. त्या विमानात पुढे कुणीच बिझनेस क्लासमध्ये बसलेलं नव्हतं! पडदा नाही, रुंद खुर्ची नाही, हेवा करायला समोर कुणी नाही. चिडायला आपल्याला काय मिळायला हवं होतं ही कल्पना पुरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गैरवर्तनाचे तीन स्तर ठरवून प्रवासबंदीची यादी करण्याचे नियम आले. त्यांत शिवीगाळीला ३ महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकला तर ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणारं काही केलं तर किमान २ वर्षं, आणि बंदी घालताना तिकीट कुठल्या क्लासचं हे बघायचं नसतं. हे फार योग्य झालं.

तुलनेतून चिडण्याचा हा प्रश्न विमानकंपन्यांना आधीपासून ठाऊक आहे. बिझनेस क्लास आलाच कसा बघा. १९७० च्या दशकात सवलतीची तिकिटं सुरू झाली तेव्हा पूर्ण भाडं भरणारे कामाचे प्रवासी तक्रार करायला लागले की आम्ही एवढे पैसे मोजतो आणि शेजारी स्वस्तात आलेला टूरिस्ट त्याच सीटवर बसतो. सीट तीच, जेवण तेच, काल समाधानी होते, आज नाहीत. त्यातून १९७८-७९ च्या सुमाराला त्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली. त्याच्याही आधी, १८४९ साली, ज्यूल द्युप्युई या फ्रेंच इंजिनिअरने रेल्वेबद्दल लिहून ठेवलंय की थर्ड क्लासच्या डब्याला छप्पर घालायला खर्च फारसा येत नाही, ते घालत नाहीत कारण वरच्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्यांनी खाली येऊ नये. म्हणजे मागच्याची गैरसोय ही पुढच्यासाठी केलेली जाहिरात असते. मुंबई लोकलमध्ये फर्स्ट आणि सेकंडच्या मध्ये जाळी असते, दोन्हीकडून दिसतं, आणि गर्दीच्या वेळी "फर्स्ट क्लास आहे हा" असं ओरडणारा स्वतःही उभाच असतो, त्याने मोठी रक्कम मोजलीय ती बऱ्याच अंशी पलीकडे नसण्यासाठी.

आणि पुढच्यांच्या मनात मागच्यांबद्दल काय असतं? २००९ मध्ये केंद्रात मंत्री असलेल्या शशी थरूर यांनी ट्विटरवर इकॉनॉमीला "कॅटल क्लास", म्हणजे गुरांचा वर्ग, म्हटलं आणि देशभर गदारोळ झाला. शब्द त्यांचा नव्हता, इंग्रजीत तो आधीपासून चालतो. पण लोकांना तो लागला, आणि लागायलाच हवा होता.

आता भारतात एक चांगली संधी आलीय आणि ती कुणीतरी घ्यावी असं मला फार वाटतं. इंडिगो २००६ पासून जवळजवळ पूर्ण इकॉनॉमीची एअरलाइन होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास सुरू केला, एअरबस ए३२१ मध्ये पुढे १२ सीट आणि मागे २०८. म्हणजे तोच मार्ग, तीच कंपनी, तेवढाच दोन-सव्वादोन तासांचा प्रवास, एका विमानात पडदा आहे आणि दुसऱ्यात नाही. शिवाय आपल्या देशांतर्गत विमानांत दारू देतच नाहीत, म्हणजे तो घटक दोन्हीकडे सारखा. वर ज्या जोडीबद्दल बोललो ती ही. त्यात भर म्हणजे बसने नेऊन शिडीने चढवतात तेव्हा काही लोक पुढच्या दाराने चढतात आणि काही मागच्या, म्हणजे एकाच फ्लाइटमध्ये निम्म्यांनी त्या १२ खुर्च्या पाहिलेल्या आणि निम्म्यांनी नाही. कोण कुठल्या दाराने चढला हे बोर्डिंग पासवरच्या रांगेवरून साधारण कळतं. मोठी भांडणं इतकी दुर्मिळ की ती मोजून काही हाती लागायला वर्षं जातील, म्हणून क्रूकडे येणाऱ्या छोट्या तक्रारी मोजाव्या लागतील, सीट बदलून द्या, बॅगेला जागा नाही, पुढचं टॉयलेट का वापरू देत नाही. आणि मोजताना दर फ्लाइटमागे नको, दर प्रवासी-तासामागे मोजायच्या.