‘जिटो लॉ’ आणि साठ कसोट्यांचा उंबरठा

ऑस्ट्रेलियाचा रग्बी संघ जाहीर झाला की बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘जिटो लॉ’ हमखास येतो: परदेशी क्लबकडून खेळणाऱ्या कोणाला राष्ट्रीय संघात घ्यायचं, ते ठरवणारा नियम. हा त्यात बसतो, तो बसत नाही. 2015 नंतरच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या कारकिर्दीवर या दोन शब्दांचा ठसा कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा मोठा आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही शब्द फसवे आहेत.

पहिला शब्द आडनाव आहे. ऑस्ट्रेलियाचा खेळाडू मॅट जिटो, त्याच्या नावाचं स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, त्यामुळे वाचणारा ‘गितो’ म्हणून मोकळा होतो. घरचा उच्चार जिटो. दुसरा शब्द अधिक घोटाळ्याचा. रग्बीत मैदानावरच्या नियमांनाच ‘लॉज’ म्हणतात. त्यामुळे नवख्याला वाटतं, हाही स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत गुंतून रेटारेटी करतात तो डाव) किंवा ऑफसाइडसारखा खेळाचाच एखादा नियम असणार. प्रत्यक्षात ते एका देशाच्या संघटनेचं निवडीचं धोरण आहे, तिने स्वतःवर घालून घेतलेलं आणि गरजेनुसार सैल केलेलं. खेळाडूचा पगार पॅरिसमध्ये होतो की पर्थमध्ये, याच्याशी जागतिक संघटनेला काही देणंघेणं नाही. त्यात आणखी एक भर ‘परदेशी खेळाडू’ या शब्दाची. इथे परदेशी म्हणजे दुसऱ्या देशाचा नव्हे, तर दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळणारा ऑस्ट्रेलियनच.

एप्रिल 2015 मध्ये ठरलेलं मूळ रूप साधं होतं. परदेशी क्लबशी करार असलेला खेळाडू राष्ट्रीय संघात हवा असेल, तर त्याच्या नावावर किमान 60 कसोट्या हव्यात आणि ऑस्ट्रेलियन रग्बीत किमान सात वर्षं काढलेली हवीत. यांपैकी एक जरी अट पुरी नसेल तर दार बंद. (क्रिकेटच्या सवयीने 60 हा आकडा डोंगराएवढा वाटतो. रग्बीची कसोटी म्हणजे 80 मिनिटांचा आंतरराष्ट्रीय सामना, वर्षाला असे बारा-चौदा. तरीही दुखापती आणि बाकावरचे दिवस धरले तर 60 गाठायला सहा-सात हंगाम सहज जातात.)

आकडा 60 च का, यावर तेव्हाही वाद झाला आणि तो मला आजही संपलेला वाटत नाही. अधिकृत भूमिका अशी की, ज्यांनी देशाला पुरेसं दिलंय त्यांच्यासाठी ही मुभा आहे. तरुणांनी पैशासाठी लवकर बाहेर पडू नये. पण विश्वचषक पाच महिन्यांवर आला होता. जिटोच्या नावावर 92 कसोट्या होत्या. 2011 च्या विश्वचषक संघातून वगळल्यावर तो फ्रान्समधल्या टूलाँच्या क्लबकडे गेला आणि त्या क्लबने 2013, 2014, 2015 असा सलग तीनदा युरोपचा चषक जिंकला. त्याच क्लबात ड्रू मिचेल होता, साठीचा उंबरठा नुकताच ओलांडलेला. प्रशिक्षकाला हे दोघे हवे होते आणि आकडा दोघांना सामावून घेत होता. अंगावर बेतून शिवलेला कोट, असं कोणी म्हटलं तर खोडून काढणं अवघड आहे.

कोट मात्र शोभला. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध मिचेलने अर्धं मैदान नागमोडी कापत ॲडम ॲशली-कूपरच्या तिसऱ्या ट्रायची (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांची) वाट मोकळी केली. अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून 34-17 अशी हार झाली. जिटो डोक्याला मार लागून पूर्वार्धातच बाहेर गेला होता. पुढच्या वर्षी सिडनीत न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा उतरला, सुरुवातीलाच घोटा दुखावला आणि राष्ट्रीय कारकीर्द तिथेच थांबली. एकूण 103 कसोट्या. ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्याला नियमाने दिल्या त्या अकरा.

त्याआधी असं धोरण नव्हतं असं नाही. घरी करार नाही तर निवड नाही, हाच रिवाज होता, आणि तो वाकवलाही जात होता. 2013 मध्ये जपानच्या क्लबशी बांधलेला जॉर्ज स्मिथ कॅनबेराच्या संघाकडे तात्पुरता उधार आला आणि लायन्सविरुद्ध (ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त दौरा-संघाविरुद्ध) निर्णायक कसोटी खेळला.

मागचा काळ थोडक्यात. 1995 च्या ऑगस्टपर्यंत रग्बी युनियन हा अधिकृतपणे हौशी खेळ होता. पगारच नाही म्हटल्यावर पगार कुठे घ्यायचा याचा नियम लागतो कशाला! डेव्हिड कॅम्पीझी ऐंशीच्या दशकात आधी पादुआ आणि मग मिलानच्या क्लबकडून इटलीचे हंगाम खेळायचा आणि परतून राष्ट्रीय संघात उभा राहायचा. कोणी हरकत घेतली नाही. 101 कसोट्या, 64 ट्राय, 1991 च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू. 2015 च्या नियमाने त्याच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध बसला नसता. मार्क एला तर पंचविसाव्या वर्षी, 25 कसोट्यांवर निवृत्त झाला, तेही 1984 च्या ब्रिटन-आयर्लंड दौऱ्यातल्या चारही कसोट्यांत ट्राय करून. 1999 चा विश्वचषक जिंकणारी पिढी व्यावसायिक युगातली पहिली. जॉर्ज ग्रेगनने 139 कसोट्या घरीच पूर्ण केल्या आणि 2007 नंतर टूलाँ गाठलं. म्हातारपणी परदेश, हा क्रम त्या पिढीने घालून दिला. पुढे फ्रान्समधल्या धनाढ्य क्लबमालकांनी आणि जपानच्या कंपन्यांनी तो उलटवला. जपानमध्ये तर हंगाम छोटा, पैसा मोठा आणि शरीराची झीज कमी. पंचवीस वर्षांच्या मुलाला हे गणित कळणारच.

खरी झळ बसली ती साठीच्या अलीकडे राहिलेल्यांना. विल स्केल्टन हे त्याचं ठळक उदाहरण. 2017 मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या खात्यात 18 कसोट्या होत्या. सिडनीत असताना त्याच्या वजनाचीच चर्चा जास्त व्हायची. लंडनच्या क्लबने त्याला घासूनपुसून घडवलं आणि 2019 मध्ये त्याच्यासह युरोप जिंकला. मग फ्रान्सच्या ला रोशेलने 2022 आणि 2023 मध्ये तेच केलं. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा एक खेळाडू युरोपातला दादा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला धिप्पाड खेळाडू) झाला होता आणि त्याच काळात ऑस्ट्रेलियाचा संघ स्क्रममध्ये मागे रेटला जात होता. नियम त्याच्यासाठी नव्हता. त्याने देशाला पुरेसं दिलं नव्हतं, असा त्याचा अर्थ. मला हा हिशेब कधीच पटला नाही. 18 कसोट्यांवर ज्याला बाजूला बसवलं, त्याने 60 गाठायच्या कशा?

दक्षिण आफ्रिकेनेही 2017 मध्ये 30 कसोट्यांची अट आणली होती. 2019 च्या सुरुवातीला ती सोडून दिली आणि त्याच वर्षी विश्वचषक जिंकला. 2023 मध्ये पुन्हा. न्यूझीलंड मात्र घरी खेळणाऱ्यांनाच घेतं आणि त्यांचं भागतं, कारण तिथे मुलगा चालायला लागतो तो चेंडू काखेत मारूनच. सिडनी-ब्रिस्बेनमध्ये त्याच मुलामागे रग्बी लीग (रग्बी युनियनपासून फुटलेला, वेगळ्या नियमांचा खेळ), ऑस्ट्रेलियन रूल्स (तिथला स्वतःचा फुटबॉल) आणि क्रिकेटही असतात. दोन शेजाऱ्यांच्या मध्ये उभं राहून ऑस्ट्रेलियाने दोघांचंही अर्धं अर्धं उचललं.

गाठी 2020 पासून सुटत गेल्या. आधी साठीखालच्या दोघांना मुभा, मग 2022 मध्ये 30 कसोट्या किंवा पाच वर्षं अशी सौम्य अट, पण घ्यायचे तिघेच. सप्टेंबर 2021 मध्ये जपानहून आलेल्या क्वेड कूपरने गोल्ड कोस्टवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आठपैकी आठ किक मारल्या. शेवटची भोंग्यानंतरची, 28-26. त्याची 70 कसोट्यांची शिदोरी जुन्या नियमातही चालली असती. नागरिकत्वाला मात्र ती पुरली नव्हती: न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या कूपरचा अर्ज त्याच वर्षी फेटाळला गेला होता. देशाची जर्सी सत्तर वेळा घालायला मिळते, पण तेवढ्याने पासपोर्ट मिळत नाही. आंतरराष्ट्रीय रग्बीत जन्म, आई-वडील वा आजी-आजोबा किंवा वास्तव्य पाहतात.

2022 मध्ये बर्नार्ड फोलीला जपानहून बोलावलं. मेलबर्नमध्ये आघाडीवर असताना शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारायला त्याने वेळ लावला म्हणून पंचांनी चेंडू न्यूझीलंडला दिला आणि सामना 39-37 ने गेला. त्या निर्णयावरचा आरडाओरडा इतका होता की फोली कुठल्या नियमाने परत आला, हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

2023 च्या विश्वचषकात तर कर्णधारच स्केल्टन. कूपर आणि 125 कसोट्यांचा मायकल हूपर दोघेही संघाबाहेर, आणि जुन्या नियमाने निवडताही न येणारा माणूस कप्तान. जॉर्जियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यानंतर त्याची पोटरी दुखावली. फिजीकडून 15-22, वेल्सकडून 6-40, आणि इतिहासात पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया गटातच बाद. दोष नियमाचा नव्हता, पण धोरणाचा अर्थ किती विरघळला होता ते त्या संघयादीत दिसलं. घरचा आधारही तोवर आटत चाललेला: 2017 मध्ये पर्थचा संघ मुख्य स्पर्धेतून काढला, नंतर परत घेतला, 2024 मध्ये मेलबर्नचा बंद झाला. करार देणारे संघच कमी, आणि बाहेर जाऊ नका असा आग्रह.

शिवाय हा नियम विमान पकडणाऱ्यांवर आहे, रस्ता ओलांडून रग्बी लीगमध्ये जाणाऱ्यांवर नाही. 1907 मध्ये सिडनीत डॅली मेसेंजर युनियन सोडून लीगमध्ये गेला. दुखापतीत बुडालेली मजुरी भरून मिळावी, हा तेव्हा खेळाडूंच्या तक्रारीचा गाभा होता. 1908 चं लंडन ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आलेल्या संघातले चौदा जण पुढच्या वर्षी त्याच वाटेने गेले. मेसेंजर सिडनीच्या पूर्व उपनगरांच्या ज्या क्लबकडून लीग खेळला, तो आजही आहे. त्याच क्लबातून जोसेफ सुआलीई 2024 मध्ये उलट्या दिशेने आला आणि वरिष्ठ पातळीवर युनियनचा एकही सामना न खेळता लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटीत उतरला. ऑस्ट्रेलिया 42-37 ने जिंकलं. आणि त्याच वर्षी, पॅरिस ऑलिंपिकनंतर, राष्ट्रीय संघाचा विंगर मार्क नवांगानितावासे त्याच क्लबात लीग खेळायला गेला.