मोतीबिंदूची लेन्स निवडताना
मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की बहुतेक जण डॉक्टरांना विचारतात, "सगळ्यात चांगली लेन्स कोणती?" त्याआधी स्वतःला विचारायला हवं, की चष्म्याशिवाय मला काय दिसायला हवंय? रस्ता, संगणकाचा पडदा की पुस्तक?

डोळ्यातलं मूळ भिंग तरुणपणी लवचीक असतं. जवळचं बघताना ते फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. चाळिशीनंतर ही लवचीकता कमी होत जाते. ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढून त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. साधारण 6 मिलिमीटर व्यासाची ही लेन्स गुंडाळून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सरकवतात आणि ती आत उलगडते. तिचा आकार मात्र मूळ भिंगासारखा बदलत नाही, म्हणून अंतराचा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवते. बरेच जण लांबचं निवडतात आणि वाचायला चष्मा लावतात. ज्यांना आयुष्यभर उणे नंबर होता, त्यांनी इथे जरा थांबावं. चष्मा काढून बारीक अक्षर वाचायची, सुईत दोरा ओवायची त्यांची सवय लांबच्या लेन्सने एका दिवसात जाते. सुमारे उणे अडीच नंबर मुद्दाम शिल्लक ठेवला, तर 40 सेंटिमीटरवरचं वाचन चष्म्याविना होतं आणि लांबसाठी चष्मा लागतो. ही सोय आपणहून सांगितली जाईलच असं नाही, म्हणून आपणच विचारावी.

मल्टिफोकल लेन्सवर सूक्ष्म वर्तुळाकार कडा असतात. त्या प्रकाश वाटून जवळच्या आणि लांबच्या अशा दोन किंवा तीन अंतरांना देतात. चष्मा बराच सुटतो, पण वाटलेल्या प्रकाशाची किंमत मोजावी लागते. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि अंधुक उजेडात करड्यावर करडं ओळखणं अवघड जातं. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदू वाढलेला असेल, तर माझ्या मते हा मोह टाळावा. रात्री गाडी चालवणाऱ्यांनीही दोनदा विचार करावा. ईडॉफ लेन्स प्रकाश वेगवेगळ्या अंतरांना वाटण्याऐवजी स्पष्ट दिसण्याचा पट्टा लांबवते. तिच्यात वलयांचा त्रास सहसा कमी असतो आणि लांबचं व मधल्या अंतराचं चांगलं दिसतं, बारीक वाचनाला मात्र चष्मा लागू शकतो.

सिलिंडरचा नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा नंबर, जास्त असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स. ती नेमक्या कोनात बसावी लागते. 10 अंश फिरली तर सुमारे एक तृतीयांश फायदा जातो, 30 अंशांना जवळजवळ सगळाच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मापाची. डोळ्याची लांबी मोजताना 1 मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर साधारण अडीच ते तीनने चुकतो. मग लेन्स कितीही भारी असो. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी त्या बंद कराव्यात. कोरड्या डोळ्यांवर मापाआधीच उपचार करावेत. पूर्वी लेसिक, म्हणजे चष्मा घालवण्याचं लेसर ऑपरेशन, झालं असेल तर तेव्हाचे कागद शोधून न्यावेत, कारण बुबुळाचा बदललेला आकार नेहमीची गणितं फसवतो.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं असेल आणि मध्ये काही आठवडे मिळत असतील, तर पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिर होऊ द्यावा. अपेक्षेपेक्षा तो किती वेगळा आला, हे पाहून दुसऱ्या डोळ्याच्या लेन्सची शक्ती सुधारून घेता येते.