पार्श्वभूमी : लाइम आजाराची जनुकं आणि मागे घेतलेली लस

करवीर तालुक्यातल्या गोठ्यात धारेच्या वेळी म्हशीच्या कानामागं हात फिरवला, की एरंडीच्या बीसारखा टरटरून फुगलेला गोचीड बोटाला लागतो. (लॅटिनमध्ये गोचिडाला 'रिसिनस' म्हणत. एरंडाचं शास्त्रीय नाव त्यावरूनच पडलं आणि युरोपात लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडाच्या नावातही तोच शब्द आहे.) पण आपल्या जनावरांवर नेहमी दिसणारा हा गोचीड पिल्लापासून अंड्यांवर येईपर्यंत एकाच जनावराला चिकटून राहतो. लाइमचा गोचीड जन्मात तीनदा जेवतो, दरवेळी नव्या यजमानाकडं. दोन पंगतींच्या मध्ये कित्येक महिने जातात. तेवढा काळ लाइमचा जिवाणू उपाशी गोचिडाच्या थंड पोटात तग धरतो आणि रक्त आलं की काही तासांत नव्या अंगात शिरायची तयारी करतो.

शब्दांचा घोळ आधीच निस्तरलेला बरा. आपल्याकडं 'गोचीड ताप' म्हणजे बहुधा संकरित गाईंचा थायलेरियासिस, रक्तातल्या सूक्ष्म परजीवीचा आजार. 2016 पासून सिंधुदुर्गात दिसलेला माकडताप गोचिडाचाच, पण विषाणूचा. लाइम यांपैकी कुठलाच नाही. तो बोरेलिया बर्गडॉर्फेरी या मळसूत्री जिवाणूचा आजार. अमेरिकेतल्या लाइम गावात मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून आजाराला नाव पडलं आणि 1982 मध्ये हा जिवाणू त्याचं कारण म्हणून पुढं आला.

जनुकांची गोष्ट खरी रंगते 1997 नंतर. त्या वर्षी या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला : सुमारे 9 लाख 10 हजार अक्षरांचं सरळ गुणसूत्र आणि भोवती प्लाझ्मिडांचा, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा गोतावळा, जो पुढं मोजताना 21 भरला. प्रयोगशाळांना एक कोडं आधीपासून छळत होतं. काचेच्या नळीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले जिवाणू झकास वाढत, पण उंदराला टोचले तर काही होत नसे. नळीत ते प्लाझ्मिडं टाकून देत होते. एलपी-25 हे त्यांतलंच एक. 2003 मध्ये दिसलं, की त्यावरचं पीएनसीए नावाचं एकच जनुक परत दिलं तरी उंदराला संसर्ग होतो. दोन वर्षांनी त्याच प्लाझ्मिडावर दुसरं जनुक सापडलं, जे जिवाणूला गोचिडात टिकण्यासाठी लागतं. तेव्हा एखादं जनुक 'आवश्यक' आहे असं कोणी म्हटलं, तर कुठं आवश्यक, नळीत, उंदरात की गोचिडात, हे आधी विचारावं.

ओस्प-ए आणि ओस्प-सी या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरच्या प्रथिनांनी तर हे लख्ख दाखवलं. उपाशी गोचिडात जिवाणूच्या अंगावर ओस्प-ए असतं. ऊब आणि रक्त मिळालं की ते उतरतं आणि ओस्प-सी चढतं. 2004 च्या प्रयोगांत ओस्प-ए नसलेल्या जिवाणूंनी उंदराला संसर्ग केला, पण गोचिडाच्या आतड्यात ते टिकेनात. ओस्प-सी नसलेले गोचिडात मजेत राहिले आणि उंदरात हरले.

याच ओस्प-एवर 1998 ची लस उभी होती. तिचा डाव विलक्षण होता. लसीमुळं माणसाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) गोचीड स्वतःच पितो आणि जिवाणू त्याच्या पोटातच मरतो. तीन डोसांनंतर संरक्षण भरलं 76 टक्के. मग शंका निघाली, की ओस्प-एचा एक तुकडा माणसाच्या एका प्रथिनासारखा दिसतो, तर लसच सांधे धरायला लावेल का? तपासणीत लस घेतलेल्यांमध्ये संधिवात वाढल्याचा पुरावा निघाला नाही. तरी दावे दाखल झाले, बातम्या आल्या, खप कोसळला आणि 2002 मध्ये कंपनीनं लस बाजारातून काढली. कारण दिलं मागणी नसल्याचं. कागदोपत्री ते खरंच होतं, पण मागणी कशानं आटली हे त्या कागदावर नव्हतं. ज्या गावांत अंगणातल्या गवतात खसखशीएवढा गोचीड बसलेला असतो, तिथल्या माणसांना या निर्णयात कोणी विचारलं नाही. कुत्र्यांसाठी मात्र लस मिळतच राहिली.

2022 मध्ये नव्या लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या सुरू झाल्या. तीही ओस्प-एचीच, त्याच्या सहा प्रकारांवरची. दोष सिद्ध न झालेला तो तुकडा मात्र तिच्यात बदलून टाकलाय.