कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला? अमेरिकेतली ८ वर्षे/८०,००० मैलांची एमिशन वॉरंटी कशी मिळवायची

अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांची नेहमीची वॉरंटी ३ वर्षे किंवा ३६,००० मैलांना संपते. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की खर्च आपल्याच खिशातून जाणार असं लोक धरून चालतात. डीलरच्या काउंटरवरही कित्येकदा तेच ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात क्लीन एअर ॲक्ट या हवा-प्रदूषणाच्या फेडरल (केंद्रीय) कायद्याच्या कलम २०७ नुसार प्रत्येक नव्या कारवर आणि हलक्या ट्रकवर एक वेगळी एमिशन वॉरंटी, म्हणजे गाडीचं प्रदूषण आटोक्यात ठेवणाऱ्या पार्ट्सची वॉरंटी, असते. ती कंपनीची मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेलं बंधन आहे. गाडी विकली तर ती पुढच्या मालकाकडे आपोआप जाते, नाव बदलून घ्यावं लागत नाही.

मुदती दोन आहेत आणि गोंधळ इथेच होतो. एमिशनशी संबंधित सर्वसाधारण पार्ट्सना २ वर्षे किंवा २४,००० मैल. ८ वर्षे किंवा ८०,००० मैल (सुमारे १,२८,७०० किलोमीटर) ही लांब मुदत मात्र तीनच गोष्टींना: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी घातक करणारा पार्ट), एमिशन सांभाळणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू किंवा पीसीएम, आणि ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक यंत्रणा, म्हणजे गाडीतला बिघाड स्वतःच ओळखणारी यंत्रणा. वर्षे आणि मैल यांपैकी जे आधी भरेल ते धरायचं. ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह, पर्ज व्हॉल्व्ह हे सगळं एमिशनचंच सामान, पण फेडरल नियमात ते २ वर्षांच्या गटात मोडतं. "एमिशन म्हणजे ८०,००० मैल" एवढंच ऐकून गेलात तर सेन्सरच्या बिलावर वाद घालून उपयोग होणार नाही.

कॅलिफोर्नियाच्या मानकांवर प्रमाणित झालेल्या गाड्यांना या फेडरल मुदतींच्या जोडीला राज्याचा निराळा हिशोब असतो. तिथे साधारण पार्ट्सना ३ वर्षे/५०,००० मैल आणि महागड्या पार्ट्सच्या ठरावीक यादीला ७ वर्षे/७०,००० मैल मिळतात. 'पीझेव्ह' (पार्शियल झीरो एमिशन व्हेइकल) या अतिशय कमी प्रदूषण करणाऱ्या वर्गातल्या गाड्यांना तर १५ वर्षे/१,५०,००० मैल. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनीही कॅलिफोर्नियाची मानकं घेतलेली आहेत. आपली गाडी कशात बसते ते दोन ठिकाणी कळतं: बॉनेटखालचं एमिशनचं लेबल आणि गाडीबरोबर आलेली वॉरंटी पुस्तिका. ७/७० ची यादी त्याच पुस्तिकेत पार्टच्या नावानिशी छापलेली असते. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल वर्ष टाकून उतरवून घ्या.

आता हक्क सांगायचा कसा. दिवा लागल्यावर आधी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचून घ्या. पार्ट्सच्या दुकानात बहुधा फुकट वाचून देतात. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी, पी०४४२ आणि पी०४५५ म्हणजे इंधनाच्या वाफेची गळती, पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं). कोड वाचा, पण पुसू नका. कोडबरोबर कॉम्प्युटर त्या क्षणाचे आकडे जपून ठेवतो: इंजिनचा वेग, तापमान, इंजिनवरचा भार. कोड पुसला की तो पुरावाही जातो. शिवाय गाडीची अंतर्गत तपासणी पहिल्यापासून सुरू होते आणि ती पूर्ण होईपर्यंत एमिशन टेस्टला गाडी परत पाठवली जाऊ शकते.

कोड म्हणजे निदान नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवा. पी०४२० एक्झॉस्टच्या गळतीनेही येतो आणि थकलेल्या सेन्सरनेही. वॉरंटी कोडवर नाही, निकामी ठरलेल्या पार्टवर मिळते. म्हणून अधिकृत डीलरकडे गाडी देताना "एमिशन वॉरंटीखाली तपासणी" असे शब्द रिपेअर ऑर्डरवर लिहून घ्या. दोष वॉरंटीतल्या पार्टमध्ये निघाला तर डायग्नोस्टिक फी लागणार नाही, हेही तिथेच लिहून घ्या. कॅलिफोर्नियाच्या नियमात ते स्पष्ट आहे. इतरत्र आधी बोलून ठेवलेलं बरं.

कागदपत्रं फार नाहीत. गाडीचं रजिस्ट्रेशन, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), ओडोमीटरचं रीडिंग, ऑइल बदलल्याच्या आणि सर्व्हिसच्या पावत्या, टेस्टमध्ये नापास झाला असाल तर तो रिपोर्ट. मुदत मोजायला सुरू होते पहिल्या मालकाच्या हाती गाडी आली त्या दिवसापासून. वापरलेली गाडी घेतली असेल तर तुमच्या खरेदीची तारीख कामाची नाही. डीलरला व्हीआयएन दिला की तो 'इन-सर्व्हिस डेट' काढून देतो. मॉडेल वर्षावरून अंदाज बांधू नका, काही महिन्यांचा फरक सहज पडतो आणि तो कधी कधी तुमच्या फायद्याचा असतो.

सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये किंवा घरी केली, एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही. सगळ्या पावत्या नाहीत, एवढ्यावरूनही नाही. पण देखभालीच्या अभावामुळेच पार्ट गेला असं दिसलं तर नकार टिकतो. कन्व्हर्टर स्वतःहून क्वचितच मरतो. मिसफायर चालू असताना न जळलेलं इंधन त्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातल्या फॉस्फरसचा थर चढून तो निकामी होतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तो याच नुकसानीचा इशारा आहे. तरीही महिनाभर गाडी चालवलीत तर डीलर तेच बोट दाखवेल. चोरीला गेलेला कन्व्हर्टर मात्र इन्शुरन्सचा विषय, वॉरंटीचा नाही.

एमिशन टेस्टमध्ये नापास झाल्यावर क्लेम करत असाल तर आणखी एक हत्यार हातात येतं. गाडी दुरुस्तीसाठी दिल्यापासून ३० दिवसांत, किंवा राज्याची मुदत त्याहून कमी असेल तर तेवढ्यात, कंपनीने निर्णय द्यायचा असतो. नकार असेल तर कारणासह लेखी. मुदतीत उत्तर आलं नाही तर दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते, उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर. काउंटरवरच्या तोंडी "नाही"ला किंमत देऊ नका. लेखी नकार घ्या, मग कंपनीच्या कस्टमर केअरकडे, आणि तिथेही अडलं तर ईपीए या फेडरल पर्यावरण संस्थेकडे तक्रार.

मात्र टेस्टची वाट बघत बसणं महागात पडतं. न्यू जर्सीत नव्या गाडीची पहिली तपासणी ५ वर्षांनी येते, तोवर २ वर्षांची मुदत केव्हाच संपलेली असते. कॅलिफोर्नियात पहिली ८ मॉडेल वर्षं स्मॉग चेक (तिथली एमिशन टेस्ट) नसतो, म्हणजे पहिली टेस्ट येईस्तोवर ८/८० हातची गेलेली. त्यामुळे ७८,००० मैलांवर पी०४२० एकदा येऊन आपोआप गेला असला तरी त्याच आठवड्यात डीलरची वेळ घ्या आणि तारीख व मैल टाकलेली रिपेअर ऑर्डर जपून ठेवा.